छातीशी कोण धरणार?

“शर्टाची बटणं काढा आणि हिला छातीशी धरा,” नर्स म्हणाली. ॲम्ब्युलन्समध्ये गरम पेटी नव्हती. वेळेआधी जन्मलेल्या लेकीला जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बापाच्या अंगाचीच ऊब द्यायची होती.

दिगंबरने पाहिलं. टोपीखालचा चेहरा लिंबाएवढा होता. तो मागे सरकला. “माझ्या हातात हिला काही झालं तर? मला नाही जमायचं.”

शेजारी उभ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, सदरा उतरवला. “द्या इकडे.” नर्सने बाळ त्यांच्या उघड्या छातीवर ठेवून वरून शाल गुंडाळली. सबंध घाटात अण्णा हलले नाहीत. दिगंबर समोर बसून स्वतःचे हात बघत राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाचे पाय चाचपले. “गरम आहेत. नीट आणलंत.” बाळ आत गेलं.

तेवढ्यात बायकोचा, वृंदाचा फोन आला. ती ऑपरेशननंतर तालुक्यालाच पडून होती. “तिला गार नाही ना लागलं? तुमच्याच अंगाशी होती ना?”

दिगंबरने स्पीकरवरचा फोन अण्णांपुढे धरला. अण्णांनी फोन घेतला. “हो गं पोरी. दिगंबररावांनी वाटभर तिला खाली नाही ठेवलं.”

“मला ठाऊकच होतं,” म्हणत ती रडू लागली. दिगंबरला ते ऐकू आलं.

तो उठून आतल्या नर्सकडे गेला. “आता मी धरू तिला?”

“आता ती पेटीत आहे. लागलं तर बोलावू.”

तो दारापाशीच थांबला, अण्णांकडे पाठ करून.