तासभर लांब

नवी गाडी घेतली आणि सहा महिन्यांत इंजिनातलं ऑइल वाढलेलं दिसायला लागलं. मी साडूला फुशारकीने सांगितलं, "लोकांच्या गाड्या ऑइल पितात, माझी उलट साठवून ठेवते."

मेकॅनिकने ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढून हुंगली. "साहेब, यात पेट्रोल उतरलंय. नव्या इंजिनांचं हे असंच. तुम्ही घर ते ऑफिस दोन किलोमीटर चालवता, इंजिन तापतच नाही, मग ते पेट्रोल उडून जात नाही. ऑइल बदलून देतो, पण आठवड्यातून एकदा तरी तासभर लांब न्या."

तासाभराच्या अंतरावर आई एकटी राहते. मी दर रविवारी जायला लागलो. "तुझ्याशिवाय करमत नाही गं," असंही ठोकून दिलं. आईने ते अख्ख्या गल्लीला सांगितलं.

चौथ्या महिन्यात मेकॅनिक म्हणाला, ऑइल एकदम साफ आहे. त्या रविवारी आनंदाच्या भरात मी आईसमोर गाडीचं सगळं बोलून बसलो. मी निघताना ती गाडीच्या खिडकीशी आली.

 

"सावकाश जा," ती म्हणाली. "आणि गाडी परत बिघडली की ये."