आखाजीचा मुराळी

लीलाधर चौधरी स्टुलावर चढला आणि गॅरेजच्या छताला टांगलेल्या, दार उघडणाऱ्या मशीनचे बटण त्याने दाबून धरले. दिवा विझेपर्यंत धरायचे, असे अमेरिकेतल्या मेहुण्याने सकाळी फोनवर सांगितले होते. दिवा विझला की बाहेरच्या भिंतीवरची आकड्यांची डबी निकामी. मग कोणी कोणतेही आकडे दाबले तरी दार उघडणार नाही. मेहुणा पुढेही काही सांगत होता. पण आयएसडी कॉल होता, म्हणून लीलाधरने फोन ठेवून दिला होता.

दिवा विझला.

"डबी काढूनच टाका ना," स्टूल धरून उभी असलेली त्याची बायको पुष्पा म्हणाली.

"काढली तर दिसेल. असू दे. तिने दाबून बघावं. उघडलं नाही की म्हणायचं, बिघडली."

ती म्हणजे कुंदा, सावद्याला दिलेली त्याची धाकटी बहीण. वडील गेल्यावर घर आणि केळीचा मळा भावाला सोडून देण्याच्या कागदावर तिने सही केली नव्हती. तेव्हापासून तिने पुढच्या दाराची बेल वाजवली तर कोणी उघडत नसे. पण डबीचे आकडे तिला वडिलांनीच सांगितलेले होते. ती एसटीने यायची, आकडे दाबायची, गॅरेजमधून मागच्या खोलीत आईजवळ तासभर बसायची आणि निघून जायची. लीलाधरला हे कित्येक महिने कळले नाही, कारण आईच्या खोलीत तो जात नसे.

आईला जिना चढवत नाही म्हणून खालची खोली दिली, असे तो लोकांना सांगे. खाली आणखी दोन खोल्या होत्या. त्यांना गॅरेजचा वास येत नसे.

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी यायचा सण. लीलाधरची मुलगी लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला सकाळच्या गाडीने येणार होती, सोबत जावई. त्यांच्यासमोर कुंदा उगवली असती तर कागदाचा विषय निघाला असता.

नवरा-बायको आईच्या खोलीतून घरात आणि घरातून बाहेर आले. आई, धुरपदाबाई, खाटेवर पाठ करून पडली होती. लीलाधरने डबीवर आकडे दाबले. दार हलले नाही. तो समाधानाने हसला. मग मोटार धुवायला काढावी म्हणून त्याने खिशातला रिमोट दाबला. दार हलले नाही. त्याने रिमोट सदऱ्याला पुसला, दाराला जवळजवळ टेकवला, पुन्हा दाबला. मेहुणा पुढे काय सांगत होता ते त्याला आता समजले. मशीन सगळेच विसरले होते. भाऊ कोण आणि बहीण कोण, एवढी समज त्याला नव्हती.

तरीही अडचण मोठी नव्हती. आत एक दोरी होती. ती ओढली की दार हाताने उचलता येई. लीलाधर परत आत गेला. आईने खोलीला आतून कडी लावली होती, आणि गॅरेजमध्ये जायला दुसरी वाट नव्हती.

"आई, कडी काढ. मोटार काढायचीय."

"कुंदाले घेऊन ये. मंग काढते."

डबी आपोआप बिघडली, कुंदाचा इथे संबंध नाही, असे तो समजावू लागला.

"मी म्हातारी झाली," आई आतून म्हणाली, "बहिरी नही."

पुष्पा पुढे झाली. जावयांना काय रिक्षात आणायचे, असे तिने विचारले.

"तुमची पोर आखाजीले येईन, अन् माझी नही?"

पुष्पाने सुतार बोलवायला सुचवले. लीलाधरने विचार केला. आखाजीच्या आदल्या दिवशी आईचे दार फोडले, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीत पसरले असते आणि तुटलेले दार जावयाने पाहिले असते. त्याने आईला सांगितले, सावद्याला फोन करतो. आई म्हणाली, फोन नको. तुझा बाप दर साली तुझ्या आत्याला आणायला जायचा, तसा मुराळी होऊन जा. थोड्या वेळाने पुन्हा तिचा आवाज आला.

"अन् कागद घरी ठेवून जाय."

त्याने बॅगेत आधीच ठेवलेला सहीचा कागद काढून पुष्पाकडे दिला.

जळगावच्या एसटी स्टँडवर मुराळ्यांचीच गर्दी होती. बहिणींना आणायला निघालेले बाप्ये, मिसरूड फुटलेली पोरे, हातात पिशव्या. लीलाधर सफारी घालून एका खांबाशी उभा राहिला, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखा. तेवढ्यात बाजारातले ओळखीचे अडते पितांबर नेहते यांनी त्याला पाहिले.

"भाऊ, तुम्ही आन् एसटीत? मोटार कुठी गेली?"



"मोटार आहे ना घरी," लीलाधर म्हणाला. "बहिणीला आणायला चाललोय. मुराळ्याने मोटारीतून जाणं मला बरं वाटत नाही."

पितांबर भारावले. आजकाल कोण करतो एवढे, असे त्यांनी शेजारच्या दोघांना ऐकवले. त्या दोघांनी लीलाधरकडे आदराने पाहिले आणि सावद्यावरून जाणारी रावेरची गाडी लागल्यावर खिडकीची जागा त्याला धरून दिली.

भुसावळ येईपर्यंत त्याने ही हकीगत आणखी तिघांना सांगितली. तिसऱ्याला सांगताना हकीगतीत आईही आली. आई नको म्हणत होती, एवढ्या उन्हात कशाला जातोस म्हणत होती; पण बहीण ती बहीण.