अर्धा कोयता

व्यंकटी मुकादमाच्या ऊसतोड टोळीसाठी मी ॲप बनवत होतो. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून यादीच्या प्रत्येक ओळीत दोन नावं. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. तसा व्यंकटीमामा कधीच नेत नाही.

सोमवारपासून प्रोजेक्ट उघडला की सॉफ्टवेअर बंद पडायचं. शेवटी बिघडलेली फाइल सापडली. यादीत एक ओळ जास्तीची होती. नवऱ्याची जागा रिकामी, बायकोच्या जागी छबूबाई.

ती ओळ काढली आणि सॉफ्टवेअर चालू झालं. जेवून आलो, तर पुन्हा बंद. ओळ परत आली होती.

"सृष्टे, लॅपटॉपला हात लावला का ग?"

"मी कामून लावू?" बहीण अंगणातून ओरडली. "पासवर्ड तरी सांगतो का कधी?"

तरी मी दार लावून घेतलं, इंटरनेट तोडलं, ओळ पुन्हा काढली आणि टक लावून बसलो. घरासमोरच्या चुडाव्याच्या स्टेशनात गाडी शिरली, तेव्हा क्षणभर खिडकीकडे पाहिलं. तेवढ्यात सॉफ्टवेअर बंद पडलं.

मुकादमाला फोन लावला. "मामा, ही छबूबाई कोण?"



"आदिनाथ, तिचं नाव खोडलं का काय तू?"

"दोनदा खोडलं. एकटीच हाय ना ती."

"एकटी म्हणून मी नेलं न्हाई, अन् मेली ती. तुझं लगन झालंय का रे?"

"न्हाई."

फोन कट झाला.

समोर प्रोजेक्ट आपोआप उघडला. या वेळी तो बंद पडला नाही. छबूबाईच्या ओळीत आता दोन नावं होती. पहिलं माझं.