आधी त्याचं सांग

आईची शवपेटी बाहेरच्या खोलीत दोन स्टुलांवर ठेवली होती आणि तिच्या दोन बाजूंना उभे राहून दोघं मुलगे भांडत होते.

"आई आमच्या चर्चची. कबरीवर फादरच प्रार्थना म्हणतील," दादा म्हणाला. तो शिंपी, पेटीचं पांढरं अस्तर सकाळी त्यानेच शिवलं होतं. "आईने तान्हेपणी दिलेला बाप्तिस्मा ज्याने पुसून टाकला, त्याच्या पास्टरने तिथे तोंड उघडायचं नाही."

"मग पुतळ्यांपुढे हात जोडणारे तिला स्वर्गाची वाट दाखवणार का?" बारक्या म्हणाला. तो प्लंबर. बारा वर्षांपूर्वी तो नव्या पंथाच्या मंडळीत गेला आणि पाण्यात उतरून त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून दोघं समोरासमोर आले की हेच.

फादर आणि पास्टर मात्र बाहेर एकाच बाकावर चहा पीत बसले होते. एकाने बायबलमधलं वचन वाचायचं, दुसऱ्याने प्रार्थना करायची, असं त्यांचं केव्हाच ठरलं होतं. भक्तांचंच अजून मिटत नव्हतं.

ताईने दाराला आतून कडी घातली. ती इस्पितळात नर्स. आईचं दोन वर्षांचं आजारपण तिने एकटीने काढलं होतं. ती दोघांवर कडाडली.

"दादा येणार म्हटलं की बारक्या यायचा नाही. बारक्या आला की दादाला काम निघायचं. दोन वर्षांत आईने तुम्हाला एकदाही एकत्र पाहिलं नाही, आणि आता तिच्यावर हक्क सांगताय? लाजा नाही वाटत? दादा, तू मला बारक्याचं म्हणणं सांग. तो 'बरोबर' म्हणाला पाहिजे. मग त्याने तुझं सांगायचं. तोवर मी पेटी उचलू देणार नाही."

"त्याचं म्हणणं काय असणार? आम्ही सगळे नरकात जाणार."

"मी असं कधीच म्हणालो नाही!"

"पुन्हा सांग, दादा."

दादाने आणखी दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा बारक्याने मान हलवून नाही म्हटलं. मग दादाने घाम पुसला. तो हळूहळू बोलू लागला.

"तान्हेपणी आईबाबा त्याच्या वतीने देवाला हो म्हणाले. ते खोटं होतं असं तो म्हणत नाही. त्याला ते स्वतःच्या तोंडाने म्हणायचं होतं."

बारक्याचे डोळे भरून आले. "बरोबर. पण तुला हे कसं कळलं?"

"तूच सांगितलं होतंस. नव्या मंडळीत गेलास, त्या पहिल्याच दिवशी."

ताईने दादाकडे असं पाहिलं, की त्याने मान खाली घातली.

"आता तू," ती बारक्याला म्हणाली.

"दादाला वाटतं..." बारक्याने सुरुवात केली. दादाच्या चर्चच्या चुका त्याला तोंडपाठ होत्या. प्रत्येक चुकीवर कुठलं वचन फेकायचं, तेही ठाऊक होतं. पण वाक्य काही पुढे सरकेना. शेवटी त्याने पेटीपलीकडे पाहिलं.

"दादा, तुला काय वाटतं रे? मी कधी विचारलंच नाही."

तेवढ्यात मामांनी बाहेरून दार ठोठावलं. "पोरी, खड्डा खोदून झालाय. उचलायची का पेटी?"

"थांबा जरा, मामा," ताई आतून ओरडली. "आत्ता कुठे बोलायला लागलेत."