छापण्यासारखी बातमी

सत्त्याण्णव सालची गोष्ट. शारजातल्या एका इंग्रजी पेपरात उपसंपादक असलेले श्रीरंग जेवताना तावातावाने बोलत होते.

"चीनमध्ये उइघुर मुसलमानांच्या मोर्चावर गोळ्या चालल्या. तिथलं सरकार म्हणतं, सगळे गुंड होते. बाहेरचे चॅनल म्हणतात, सगळे साधुसंत! अगं, एकच बाजू छापणं म्हणजे पाप. आज संपादकांशी भांडून मी दोन्ही बाजूंना जागा मिळवलीय."

भावाच्या काळजीत असलेल्या त्यांच्या बायकोने, सुलभाने, ताट बाजूला सारलं. "अहो, मग आमच्या मधूचंही छापा ना. शेजारच्या अजमानला कामगारांच्या कॅम्पात प्यायला पाणी नाही म्हणून पोरं रस्त्यावर बसली, तर पोलिसांनी गाडीत घालून नेलं. कुठे ठेवलंय, तेही कुणी सांगत नाही."

श्रीरंगांनी आधी उठून खिडकी लावली.

"हळू बोल! आपला व्हिसा जाईल. सुटेल गं तो, इन्शाल्ला."

तरी सकाळी देवापाशी दिवा लावून सुलभाने मोठ्या आशेने पेपर उघडला.

 

पहिल्या पानावर चीनची दंगल सविस्तर होती. अजमानबद्दल एवढंच होतं, की हवा छान राहील.