माखलेले शिपाई

कुडव्याच्या देवानंदला बोटाएवढ्या शिपायांवर रक्त, चिखल, भाजल्याचे डाग रंगवायची ऑर्डर मिळाली होती. गिऱ्हाइकाला सगळं अगदी खरं दिसायला हवं होतं. पंधरवडाभर मान मोडून, डोळे फोडून त्यानं एकदाची पलटण संपवली आणि जरा आडवा झाला.

उठून बघतो तर आईनं ब्रश धुवायच्या टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवून एकेक शिपाई लख्ख पुसलेला, टॉवेलवर ओळीनं निजवलेला.

"काऊन पुसलं वं माय? सारी मेहनत पाण्यात गेली ना!" देवानंद ओरडला.

शेवटच्या शिपायाचं तोंड पदरानं टिपत देवकाबाई म्हणाली,

"आपला गुड्डू फौजेतून बंद पेटीत आला. उघडू नाही देल्ली रे. लेकराले शेवटची आंघोळबी घालता नाही आली मले."