दोघांत एक किट

शलमोन आणि जालिंदर भिंगारच्या गोल्फ मैदानावरचे कॅडी. साहेबांच्या पिशव्या वाहून साठवलेल्या पैशांत दोघांनी मिळून गोल्फच्या काठ्यांचं एकच जुनं किट घेतलेलं. शहाण्णव साली व्यावसायिक स्पर्धांत खेळण्याचा परवाना मिळवायची दोन दिवसांची पात्रता फेरी नगरला ठरली. दोघांनीही नावं दिली. पहिल्या दिवशी शलमोन सकाळी खेळला, जालिंदर दुपारी. एका किटात भागलं. दुसऱ्या दिवशीच्या जोड्या मात्र पहिल्या दिवशी किती फटके लागले त्यावरून ठरल्या. दोघांचे फटके सारखे, म्हणून दोघं एकाच जोडीत. एकत्र खेळताना किट वाटून घेता येत नाही, असा नियम. आणि दुसरं किट कुठंच मिळेना. सकाळी पंचांनी शलमोनचं नाव पुकारलं. किट खांद्याला लावून तो म्हणाला, "साहेब, माझं नाव काढा. आज मी ह्याचा कॅडी." जालिंदरला चेंडू दिसेना. "डोळे पूस आधी," शलमोन हळूच म्हणाला, "वारा डावीकडनं हाय."